गुडघा लचकला म्हणून सोडून देऊ नका

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीच्या निमित्ताने कबड्डीचे सामने भरतात. रात्री दिव्यांच्या उजेडात मैदान आखले जाते, बाया-माणसे कट्ट्यावर आणि जिन्यावर दाटीवाटीने बसतात. चार दिवसांच्या सामन्यांत एखादा तरी पोरगा चढाई करून वळताना गुडघा धरून मटकन खाली बसतो. दोघे जण त्याला उचलून बाजूला आणतात. कोणी पाणी मारते, कोणी थंडगार फवारा आणते, कोणी म्हणते, "शीर चढली, ओढा पाय!" आणि पाय ओढलाही जातो. सकाळी पाहावे तर गुडघा नारळाएवढा. मग आंबेहळदीचा लेप, मग मालीश, मग पंधरा दिवस खाडे. सूज उतरली की 'बरे झाले' म्हणून पोरगा पुन्हा कामावर जातो आणि पुढच्या सामन्यात पुन्हा मैदानावर दिसतो.

सूज उतरणे आणि गुडघा बरा होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे सांगण्यासाठीच हा लेख आहे. आत तुटलेला लिगामेंट सूज उतरल्यावरही तुटलेलाच राहतो. पाय टाकता येतो, चालता येते, जिनाही चढता येतो. म्हणून कोणाला संशय येत नाही. पण असा गुडघा भलत्या वेळी दगा देतो.

आणि हा काही फक्त खेळाडूंचा आजार नाही. धावत्या लोकलमधून उतरताना, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरताना, स्कूटर कलंडून पायावर आली असता, डोक्यावर पाटी घेऊन वळताना हीच दुखापत होते. फरक आहे तो पुढच्या आयुष्याचा. आमच्यासारख्या कारकुनाचा लिगामेंट तुटला तर आम्ही खुर्चीवर बसून नोंदी करीत राहू. परांचीवर चढणाऱ्या रंगाऱ्याला, माथाडी कामगाराला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला ती सोय नाही. त्यांचा गुडघा म्हणजे त्यांची रोजी आहे.

गुडघ्याच्या आत काय असते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात तो गुडघा. पुढे झाकण असावे तशी वाटी. वर गोल आणि खाली जवळपास सपाट, अशी ही दोन हाडे नुसती एकावर एक ठेवली तर घसरून पडतील. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे लिगामेंट. शुद्ध मराठीत अस्थिबंध. त्यांपैकी चार मुख्य. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला, आणि दोन सांध्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले. फुलीतल्या पुढच्या पट्ट्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात आणि मागच्याला 'पीसीएल'. एसीएल करंगळीच्या जाडीचा, लांबी सव्वा-दीड इंच. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना सांधा पिळला जाऊ नये हे काम एवढ्याशा पट्ट्याकडे! याशिवाय दोन हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या असतात. 'गादी फाटली' असे लोक म्हणतात ती हीच. गादी शरीराचा भार झेलते आणि हाडावर हाड घासू देत नाही. या गादीवर वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण पुढे जे नुकसान होते ते बहुधा तिचेच होते.

ओळखायचे कसे?

एसीएल तुटतो तेव्हा पुष्कळदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. धावताना एकदम थांबणे, पाय जमिनीत रोवून अंग फिरवणे, उडी मारून एका पायावर उतरणे, एवढे पुरते. म्हणून घरी आल्यावर आई विचारते, "कोणी मारलं?" आणि पोरगा सांगतो, "कोणी नाही, आपोआप झालं." त्याचे म्हणणे खरे असते.

तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, आतून 'खट्' असा आवाज आला का, किंवा काही तुटल्यासारखे जाणवले का? दुसरी, सूज किती वेळात आली? तिसरी, त्यानंतर उभे राहताना गुडघा आपला नसल्यासारखा लटपटला का? यातली दुसरी गोष्ट फार मोलाची आहे आणि नेमकी तीच कोणी लक्षात ठेवत नाही. दोन-चार तासांच्या आत गुडघा टम्म सुजला तर आत रक्त साचले आहे असे समजावे, आणि रक्त साचले म्हणजे आत काहीतरी तुटले आहे. बहुतेक वेळा तो एसीएल असतो. कधी हाडाचा कपचा उडालेला असतो, कधी वाटी सरकून परत जागेवर गेलेली असते. नुसती गादी फाटली तर सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवशीपर्यंत येते आणि पुढे गुडघा मध्येच अडकतो. पूर्ण सरळ होत नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकारांना सरसकट 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतात. म्हणून दवाखान्यात नुसते "सूज आली" असे न सांगता "रात्री नऊला पडलो, दहा वाजता सुजला" असे वेळेसह सांगावे. त्या एका वाक्याने डॉक्टरांचे अर्धे काम होते.

आतल्या बाजूचा लिगामेंट दुखावतो तो बाहेरून गुडघ्यावर आघात झाल्यावर. कबड्डीत पकड करणारे दोघे बाजूने अंगावर आले की होते तसे. दुखणे नेमके आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येते. ही त्यातल्या त्यात बरी दुखापत, कारण या पट्ट्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि तो बहुधा पट्टा-ब्रेस आणि व्यायाम यांनीच भरून येतो. थोडा ताणला असेल तर दोन आठवड्यांत, पुरता तुटला असेल तर दीड-दोन महिने किंवा अधिक. पीसीएल तुटतो तो गुडघा दुमडलेला असताना नडगीवर समोरून मार बसल्याने. दुचाकीवरून पडणाऱ्यांत आणि मोटारीच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्यांत तो दिसतो. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट कमी वेळा जातो, परंतु त्याच्या शेजारून पावलाला जाणारी नस असते. ती दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही.

आता एक गोष्ट ठळक सांगतो. अपघातानंतर गुडघा वेडावाकडा दिसत असेल, किंवा वाकडा झालेला गुडघा आपोआप सरळ झाला असेल, आणि पाऊल थंड, फिके किंवा बधिर पडले असेल, तर एक मिनिटही घालवू नये. गुडघा निखळताना मागची मोठी रक्तवाहिनी फाटू शकते. सहा-आठ तासांत रक्तप्रवाह पूर्ववत झाला नाही तर पाय गमवावा लागण्याची वेळ येते. अशा माणसाला जवळच्या छोट्या दवाखान्यात नेऊन वेळ दवडू नये. पाय फळीला बांधून थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. गुडघा तापलेला, लाल आणि सोबत ताप असेल तर तीही घाईचीच बाब. सांध्यात पू झालेला असू शकतो.

पहिले दोन दिवस

मैदानावरून उठवताना दुखावलेल्या पायावर भार देऊ नये. पाय कोणी ओढू नये, पिरगळू नये, "थोडं चालून बघ, मोकळा होईल" असे म्हणू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी जळते. घरी फ्रीज नसेल तर थंड पाण्याचे फडके चालते. पोटरीपासून मांडीच्या मध्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळावे, पण बोटे निळी पडतील इतके घट्ट नको. झोपताना पूर्ण पाय उशांवर उंच ठेवावा. नुसत्या गुडघ्याखाली उशी घालून आठवडे काढू नयेत, कारण बरे वाटते म्हणून गुडघा दुमडलेलाच राहतो आणि पुढे सरळ होता होत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या जबर गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. त्यांनी जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो.

पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालीश नाही, दारू तर नाहीच नाही. तिन्हींनी रक्तस्राव आणि सूज वाढते.

येथे हाडवैद्याचा प्रश्न येतोच. आम्ही त्यांची टवाळी करणार नाही. जेथे डॉक्टर पोहोचत नव्हते, किंवा पोहोचले तरी आपल्या माणसांना हात लावत नव्हते, तेथे आपल्या आजा-पणजांची मोडलेली हाडे याच लोकांनी बांधली. आंबेहळदीचा गार लेप न फाटलेल्या कातडीवर लावला तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु 'शीर चढली', 'नस सरकली' म्हणून ती जागेवर बसवण्यासाठी ताजा गुडघा चोळणे, ओढणे, झटका देणे हे निखालस घातक आहे. तुटलेला लिगामेंट सरकलेला नसतो, त्यामुळे जागेवर बसवण्यासारखे तेथे काही नसते. उलट झटक्याने वाचलेली गादी फाटते.

आमच्या भागातल्या एका रंगाऱ्याची हकीकत सांगतो. वय चोवीस, कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू. पकड करताना पाय रोवला, अंग फिरले, 'खट्' झाले. अर्ध्या तासात गुडघा सुजला. तीन वेळा चोळून घेतले. तीन आठवड्यांनी सूज गेली आणि तो कामावर गेला. दोन महिन्यांनी रंगाचा डबा हातात घेऊन शिडीवरून उतरताना गुडघा सटकला. चार पायऱ्यांवरून खाली आला, सुदैवाने हाड मोडले नाही. पुन्हा लेप. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी गुडघा अर्धवट दुमडून जो अडकला तो सरळच होईना. तेव्हा त्याची आई आमच्याकडे आली. वस्तीतील रुग्णांबरोबर जाऊन केसपेपर काढणे, रांगेत उभे राहणे हे काम आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्षानुवर्षे करीत आलो आहोत, म्हणून लोक येतात. एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेला आणि गादीही फाटून मध्ये दुमडलेली.

"पण तो चालत होता की हो, भाऊ! मी रोज बघत होते," असे मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की, एसीएल पहिल्याच दिवशी तुटला होता, गादी मात्र नंतरच्या सटकण्यांत फाटली असावी. गादीचा काही भाग शिवता आला, काही काढून टाकावा लागला. काढलेली गादी परत उगवत नाही, आणि गादी गेलेल्या गुडघ्याची झीज लवकर होते. म्हणजे चोविसाव्या वर्षी झालेल्या दुर्लक्षाचा हिशेब पंचेचाळिशीत चुकवायचा!

एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे काय?

"फोटो काढला, काही निघाले नाही" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची चीड येऊ लागली आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट आणि गादी दिसत नाही. हाड मोडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात एक्स-रे निरुपयोगी नव्हे. नडगीच्या वरच्या बाहेरच्या कडेचा एक बारीक कपचा उडालेला दिसला की एसीएल तुटला असण्याची दाट शक्यता असते; पॅरिसच्या पॉल सेगाँ या शल्यविशारदाने १८७९ सालीच तो कपचा वर्णन करून ठेवला आहे. एक्स-रे कोणाचा काढावा याचे सोपे नियम कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९५ च्या सुमारास घालून दिले. वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात दुमडत नसेल, वाटीवर किंवा बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्याने दुखत असेल, तर एक्स-रे हवाच.

लिगामेंट तपासायचे खरे साधन म्हणजे डॉक्टरांचे दोन हात. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा थोडासा, वीस-तीस अंशांत दुमडतात, एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहतात. नडगी सैल पुढे आली आणि शेवटी कट्कन अडली नाही, तर एसीएल गेला. फिलाडेल्फियाचे जॉन लॅचमन यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. १९७६ साली ती छापून प्रसिद्ध झाली. हे वाचकांना सांगण्याचे कारण असे की, तपासणी झाली की नाही हे आपल्याला कळले पाहिजे. दोन्ही पाय उघडे करून, चांगल्या पायाशी तुलना करून पाहिले तर तपासले असे म्हणावे. टेबलापलीकडून फोटो पाहून गोळ्या लिहून दिल्या तर नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, लिगामेंट तपासता का जरा?" यात संकोच कसला? ताज्या सुजेत दुखण्यामुळे नीट तपासता येत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला जावे. ही दुसरी खेप आपले लोक हमखास चुकवतात. सूज उतरलेली असते आणि रोज बुडतो म्हणून. एमआरआय त्यानंतर, डॉक्टरांना गरज वाटल्यास.

ऑपरेशन करावे का?

याचे उत्तर 'सर्वांना' असे नाही आणि 'कोणालाच नाही' असेही नाही. एसीएल सांध्याच्या द्रवात असल्यामुळे तो आपोआप पूर्ववत जुळून येणे विरळाच. पण जुळला नाही तरी मांडीचे पुढचे-मागचे स्नायू बळकट करून पुष्कळ जण त्याच्यावाचून चांगले काम करतात. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ६२ जणांचे लवकर ऑपरेशन केले; ५९ जणांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन, असे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. व्यायामवाल्या ५९ पैकी २३ जणांनी तोपर्यंत ऑपरेशन करून घेतले होते, पाच वर्षांपर्यंत ३० जणांनी. म्हणजे निम्म्या लोकांना गरज पडली नाही. उलट ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२२ साली आला, दुखापत जुनी होऊन ज्यांचा गुडघा सटकतच राहिला होता त्यांना ऑपरेशनचा फायदा अधिक झाला. आमच्या समजुतीप्रमाणे दोन्हींचा मेळ असा बसतो: गुडघा सटकतो का, हा खरा प्रश्न आहे. तीन महिने मनापासून व्यायाम करूनही सटकत असेल, किंवा काम शिडीचे, परांचीचे, ओझ्याचे असेल, किंवा गादी शिवण्यासारखी फाटली असेल, तर ऑपरेशनचा विचार लवकर करावा. पन्नाशीतल्या, बैठे काम करणाऱ्या, गुडघा न सटकणाऱ्या माणसाने कोणी घाबरवले म्हणून टेबलावर चढू नये.

ऑपरेशन म्हणजे तुटलेले टोक शिवणे नव्हे. हल्ली बहुधा रुग्णाच्याच मांडीच्या मागची शीर किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा घेऊन, दुर्बिणीतून पाहत, हाडात बोगदे पाडून नवा लिगामेंट बसवतात. या शस्त्रक्रियेचा इतिहास कामगाराच्या गुडघ्यापासून सुरू होतो. १८९५ साली इंग्लंडातील लीड्स शहरी मेयो रॉबसन यांनी एका ४१ वर्षांच्या कोळसा खाणकामगाराचे दोन्ही फुलीचे लिगामेंट शिवले. खाणीत अंगावर दरड कोसळून तो जायबंदी झाला होता. तो माणूस पुन्हा कामाला लागला, अशी नोंद आहे.

अलीकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. कुस्तीगीर विनेश फोगाट हिचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढतीतच गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. दोन वर्षांनी तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा डाव्या गुडघ्याचे एसीएलचे ऑपरेशन मुंबईत झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. लिगामेंट गेला म्हणजे जन्माचा पांगळा, असे रडणाऱ्यांना हे सांगावे. मात्र तिच्यामागे वर्षभराची शिस्तीची मेहनत होती हेही सांगावे.

खरे औषध

ती मेहनत म्हणजे व्यायाम. ऑपरेशन करा की करू नका, यातून सुटका नाही. आणि आपल्याकडे पैसा, धावपळ, नवस सगळे ऑपरेशनपर्यंत, पुढे शून्य! टाके काढले की संपले असे वाटते. गुडघा दुखावला की मांडीचा पुढचा स्नायू पाहता पाहता वाळतो. घरात शिवणाची टेप असेल तर वाटीच्या चार बोटे वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून पाहा. फरक डोळ्यांना दिसला नाही तरी टेप सांगते. दर पंधरवड्याला मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आमच्या कारकुनी डोक्याला हे फार आवडते आणि रुग्णालाही हुरूप येतो.

सुरुवातीचे व्यायाम फुकटचे आहेत. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी, पाच अंक मोजावे, सोडावे. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीन-चारदा. टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ द्यावा. टाच गादीवरून घसरवत पाय हळूहळू जवळ घ्यावा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. गुडघा आधी पूर्ण सरळ झाला पाहिजे, दुमडणे नंतर. पुढचे व्यायाम, म्हणजे अर्धी बैठक, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था खास याच कामासाठी आहे. रोज जाणे परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावे आणि घरी करावे. घरातल्या कोणी तरी समोर बसून अंक मोजले तर तरुण पोरे टाळाटाळ करीत नाहीत.

उकिडवे बसणे, मांडी घालणे, भारतीय बैठकीचा संडास ही आपल्या घरातली खरी अडचण. गादी शिवली असेल किंवा पीसीएल गेला असेल तर डॉक्टर काही महिने ही बैठक बंद ठेवायला सांगतात. मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा संडासाचा स्टूल यांवर काम भागते. पोळ्या लाटणे ओट्यावर उभ्याने करावे, किंवा घरातील पुरुषांनी लाटाव्यात. गुडघा दोघांनाही सारखाच असतो.

ऑपरेशननंतर बैठे काम दोन-चार आठवड्यांत सुरू करता येते. शिडी, परांची, ओझे यांसाठी साधारण चार ते सहा महिने, कधी अधिक. मैदानावर नऊ महिन्यांच्या आत नाही. नवा बसवलेला पट्टा आधी कमजोर होतो आणि मग सावकाश जीव धरतो, त्यामुळे "दुखत नाही ना, मग खेळतो" हे गणित चुकते. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगायचे. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींना एसीएलची दुखापत दुपटीहून अधिक वेळा होते. म्हणून मुलींना खेळू देऊ नका, असा अर्थ कोणी काढील तर त्याला आमचा सक्त विरोध आहे. उपाय आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. उडीवरून उतरताना गुडघे आत न कोसळता पावलांच्या रेषेत राहावेत, गुडघे-कंबर वाकवून मऊ उतरावे, मांडीचे मागचे स्नायू बळकट करावेत, हे शिकवणारा वीस मिनिटांचा सराव फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तयार केला आहे. असा सराव नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती लक्षणीय कमी होतात. कबड्डीच्या मंडळांनी सामन्यांची वर्गणी काढताना चषकाची उंची थोडी कमी करून बर्फाची पेटी, क्रेप बँडेज आणि एक स्ट्रेचर यांची तरतूद करावी.

पैसा आणि कागद

आता आमच्या हातखंड्याचा विषय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु योजनेच्या यादीतील उपचार आणि यादीतील रुग्णालय असेल तरच. लिगामेंटचे नेमके कोणते ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते, हे दाखल होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि फोटो ओळखपत्र बरोबर न्यावे. दोन्हींतील नावाचे स्पेलिंग जुळते का, हे आजच पाहून ठेवावे. निम्म्या खेपा त्यातच जातात. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर ईएसआय रुग्णालयात उपचार आणि आजारपणाच्या काळातील भत्ता मिळतो. कामावर दुखापत झाली असेल तर त्याच दिवशी मालकाच्या अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्यावी, वेळ व साक्षीदारासह. "चहापाण्याचे देतो, नोंद नको" असे म्हणणाऱ्या मुकादमाचे ऐकू नये. पुढे सहा महिने घरी बसायची वेळ आली तर चहापाण्याचे पुरत नाही.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी, या सर्व ठिकाणी अस्थिरोग विभाग आहे. गर्दी असते, तारीख लांबची मिळते. त्या रंगाऱ्यालाही काही महिने थांबावे लागले. पण थांबण्याच्या काळात व्यायाम करून गेलेल्याचा गुडघा ऑपरेशननंतर लवकर वळणावर येतो, म्हणून तो काळ वाया घालवू नये. केसपेपर सकाळी लवकर काढावा. जुने सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका पिशवीत ठेवावेत. एमआरआयची फिल्म गुंडाळून किंवा घडी घालून ठेवू नये. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावी, आणि उन्हापासून दूर.